इंगुश लोकांचे मूळ आणि सीमावाद: लिहिण्याआधी दावे कसे तपासावेत

इंगुशेटिया हे रशियन संघराज्यातले अगदी लहान प्रजासत्ताक. क्षेत्रफळ सुमारे ३,६०० चौरस किलोमीटर, २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित वर. पश्चिमेला उत्तर ओसेटिया, पूर्वेला चेचन्या, दक्षिणेला डोंगर ओलांडला की जॉर्जिया. या लोकांविषयी वाचायला बसलात की तासाभरात चार परस्परविरोधी विधाने हाती येतात: हे अलानांचे खरे वारस, हे उरार्तू या प्राचीन राज्याचे वंशज, हे चेचेनांचीच एक शाखा, हे अमक्या खोऱ्यात उपरे. चारही विधानांना तळटीपा असतात, आणि नवखा लेखक गोंधळतो तो तिथेच.

गोंधळाचे कारण समजले तर काम सोपे होते. मुळाचा हा वाद निव्वळ पांडित्याचा नाही. आधी कोण आले हे ठरले की जमीन कोणाची हे आपोआप ठरते, असे सगळ्याच बाजू गृहीत धरतात. म्हणून कोणताही दावा हाती आला की आधी दोन गोष्टी पाहा: तो कोणत्या वर्षी मांडला गेला, आणि त्या वर्षी कोणत्या जमिनीवरून भांडण चालू होते. तळटीप त्यानंतर वाचा.

आधी नावांची जुळणी

हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर पुढचे सगळे चुकते. ‘इंगुश’ हे रशियनांनी रूढ केलेले नाव. ते अंगुश्त या गावावरून आले. लोक स्वतःला ‘घलघाय’ म्हणवतात. जॉर्जियन लिखाणात ‘दुर्दझुक’, ‘किस्त’, ‘ग्लिग्वी’ अशी नावे येतात. यांतले एकही नाव आजच्या इंगुश समाजाशी तंतोतंत जुळत नाही. ‘दुर्दझुक’ मध्ये आजच्या चेचेन आणि इंगुश दोघांचेही पूर्वज येतात. ‘किस्त’ हे नाव कधी डोंगरातल्या एका इंगुश गटाला लावलेले दिसते, तर कधी जॉर्जियातल्या पांकिसी खोऱ्यात राहणाऱ्या, चेचेनांशी नाते असलेल्या लोकांना.

वहीत प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: नाव कोणी दिले, कधी दिले, त्यात कोणकोण धरले. नकाशावरही हेच करा. बाझोर्किनो हे गाव आज चेर्मेन म्हणून दिसेल, शोल्खी हे ओक्त्याब्रस्कोये म्हणून, अंगुश्त हे तार्स्कोये म्हणून. व्लादिकावकाझ शहराचे १९३१ मध्ये ओर्जोनिकिद्झे झाले, १९४४ मध्ये द्झाउद्झिकाउ, १९५४ मध्ये पुन्हा ओर्जोनिकिद्झे आणि १९९० मध्ये परत व्लादिकावकाझ. १९७३ च्या बातमीतले ओर्जोनिकिद्झे आणि आजचे व्लादिकावकाझ ही दोन वेगळी शहरे समजून लिहिलेले लेख खरोखर सापडतात.

शोध घेताना एक तांत्रिक अडचण येते. इंगुश लिपी १९३८ पासून सिरिलिक आहे आणि तिच्यात उभ्या दांडीसारखे एक जास्तीचे अक्षर आहे. नेहमीच्या रशियन कळफलकावर ते नसते. लोक त्याऐवजी एकचा आकडा, लॅटिनमधला मोठा आय किंवा छोटा एल टंकतात, तर रशियन मजकुरात ते अक्षर सरळ गाळले जाते. ‘घलघाय’ या नावात ते दोनदा येते. त्यामुळे एकाच रूपाने शोधलेत तर बरेच लिखाण निसटते. चारही रूपे करून शोधा.

मुळाचे दावे: पुरावा कोणत्या प्रकारचा आहे

चार प्रकारचे पुरावे पुढे केले जातात: भाषेचे, जुन्या लिखाणाचे, उत्खननाचे आणि रक्ताच्या नमुन्यांचे. प्रत्येकाला काही सांगता येते आणि काही अजिबात सांगता येत नाही. बहुतेक चुका एका प्रकारच्या पुराव्याकडून दुसऱ्याचे काम करून घेताना होतात.

सर्वांत भक्कम पुरावा भाषेचा. इंगुश, चेचेन आणि जॉर्जियातली बात्स या तीन भाषा मिळून नाख शाखा होते, आणि ती ईशान्य कॉकेशियन कुळात मोडते. या कुळाच्या भाषा कॉकेशसबाहेर मुळच्या म्हणून कुठेही आढळत नाहीत. ओसेटियन मात्र इराणी शाखेतली, म्हणजे मराठीची दूरची नातलग. संख्यावाचक शब्द शेजारी ठेवले की हे लगेच दिसते. ओसेटियनमध्ये दोन म्हणजे ‘दुवा’, पाच ‘फोन्द्झ’, सात ‘आव्द’, आठ ‘अस्त’, दहा ‘दॅस’. इंगुशमध्ये तेच ‘शि’, ‘प्खि’, ‘वोर्ह’, ‘बार्ह’, ‘इत्त’. आणि चेचेनमध्ये जवळपास हेच. यावरून इंगुश आणि चेचेन सख्खे नातलग आहेत आणि ओसेटियन भाषा वेगळ्या कुळातली आहे हे निर्विवाद ठरते. अमुक गावात हजार वर्षांपूर्वी कोण राहत होते हे यावरून ठरत नाही. ओसेटियन भाषा बाहेरून आली म्हणून आजचे ओसेटियन लोक उपरे, हा निष्कर्ष इंगुश बाजूच्या लिखाणात वारंवार दिसतो. तो चूक आहे. भाषा बदलते तेव्हा माणसे जागच्या जागी राहू शकतात.

भाषेच्याच नावाखाली हुर्रियन-उरार्तूचा दावा येतो. १९८६ मध्ये दियाकोनोव्ह आणि स्तारोस्तिन या दोन सोव्हिएत अभ्यासकांनी हुर्रियन-उरार्तियन भाषा ईशान्य कॉकेशियन कुळातल्या असाव्यात अशी मांडणी केली. ती गंभीर मांडणी होती, पण बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांनी ती स्वीकारलेली नाही. तुलनेला मिळणारे शब्द थोडे आणि मधला काळ फार मोठा. शिवाय मांडणीतले नाते अख्ख्या कुळाशी आहे. त्यात दागेस्तानच्या कितीतरी भाषा येतात. ‘इंगुश हे उरार्तूचे वंशज’ या वाक्यात हे सगळे गाळलेले असते. लिहायचेच असेल तर ‘असे एक गृहीतक आहे आणि ते वादग्रस्त आहे’ एवढेच लिहा.

जुन्या लिखाणाबाबत एक नियम पाळला तरी निम्मी भानगड मिटते: उच्चार जुळतो एवढ्यावर नाते मान्य करू नका. स्त्राबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने कॉकेशसमध्ये ‘गेलाय’ नावाचे लोक सांगितले, म्हणून तेच घलघाय, असा दावा आहे. मधल्या शतकांत ते नाव सलग कुठे दिसते का, ते पाहा. स्त्राबोपासून जॉर्जियन ‘ग्लिग्वी’ पर्यंत हजाराहून अधिक वर्षांची पोकळी आहे. अकराव्या शतकातल्या लेओंती म्रोवेलीच्या जॉर्जियन बखरीत दुर्दझुक हे डोंगरी लोक ठळकपणे येतात. ती नोंद वजनदार आहे. पण त्याच बखरीत दुर्दझुक हा एका आद्यपुरुषाचा वंशज असल्याची वंशावळही आहे. ती वंशावळ दंतकथा म्हणून वाचायची, लोकांचा उल्लेख पुरावा म्हणून घ्यायचा. एकाच पानावर दोन्ही असू शकते.

उत्खननात कोबान संस्कृतीचे नाव सतत ऐकू येईल. काळ ढोबळमानाने इसवीसनपूर्व बाराव्या ते चौथ्या शतकाचा, नाव उत्तर ओसेटियातल्या कोबान गावावरून. तिथल्या काशाच्या कुऱ्हाडी प्रसिद्ध आहेत आणि ओसेटियन, इंगुश, चेचेन सगळेच तिला आपली म्हणतात. कुऱ्हाड कोणती भाषा बोलणाऱ्याने ओतली हे कुऱ्हाड सांगत नाही, आणि कोबान लोकांचे स्वतःचे लिखाण नाही. मध्य कॉकेशसच्या आजच्या अनेक समाजांत त्या लोकांचा अंश असावा, इथपर्यंत म्हणता येते.

डोंगरातले दगडी मनोरे (एर्झी, वोव्नुश्की, तार्गिम, एगिकाल) हा खूप नंतरचा आणि जास्त बोलका पुरावा. आस्सा नदीच्या खोऱ्यातले त्खाबा-येर्दी हे चर्च जॉर्जियाशी असलेला मध्ययुगीन धार्मिक संबंध दाखवते. इस्लाम इथे उशिरा रुजला, आणि मुख्यतः सुफी तरीक्यांमधून, म्हणजे पंथांमधून. ‘इंगुश पूर्वापार मुस्लिम’ असे वाक्य दिसले की तो स्रोत बाजूला ठेवायला हरकत नाही.

रक्ताच्या नमुन्यांबाबत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला, कॉकेशसमधल्या भाषा आणि पितृवंश यांची सांगड घालणारा अभ्यास सगळे उद्धृत करतात. त्यात इंगुश पुरुषांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांत जे-२ या पितृवंश-गटाची एकच शाखा आढळली. चेचेनांत हे प्रमाण बरेच कमी, तर ओसेटियनांत जी-२ गट प्रमुख. आकडे खरे आहेत, अर्थ मात्र ताणला जातो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. आई, आजी, पणजी यांचा त्यात पत्ता नसतो. डोंगरातल्या लहान, कुळांनी बांधलेल्या समाजात थोड्या पुरुषांचा वंश वाढत जाऊन असे एकतर्फी प्रमाण सहज तयार होते. त्यावरून ‘शुद्धता’ सिद्ध होत नाही, आणि सात-बारा तर मुळीच नाही.

अलान हे प्रकरण वेगळे हाताळा

सगळ्यात जास्त शाई इथे सांडली आहे. अलान हे मध्ययुगात उत्तर कॉकेशसमध्ये राज्य करणारे लोक. त्यांची राजधानी मगास १२३९-४० च्या सुमारास मंगोलांनी उद्ध्वस्त केली. ते इराणी भाषा बोलत होते आणि ओसेटियन ही त्या भाषेची वारस, हे मुख्य प्रवाहातले मत. झेलेन्चुक नदीकाठचा ग्रीक लिपीतला शिलालेख त्याचा एक आधार. तो १८८८ मध्ये सापडला आणि व्सेवोलोद मिलर यांनी त्याचे ओसेटियनशी जुळणारे वाचन केले. तुर्की आणि नाख भाषांतून त्याचे वाचन करणारेही आहेत. मूळ दगड पुढे सापडेनासा झाला, त्यामुळे सगळी वाचने नकलांवर चालतात. कोणतेही वाचन उद्धृत करताना हे सांगणे भाग आहे.

आता वर्षे पाहा. १९९४ मध्ये उत्तर ओसेटियाने आपल्या नावाला ‘अलानिया’ जोडले. त्याच १९९४ मध्ये इंगुशेटियाने नव्या राजधानीची पायाभरणी केली आणि तिचे नाव ठेवले मगास. ओसेटियन आणि इंगुश यांच्यातल्या १९९२ च्या रक्तपाताला जेमतेम दोन वर्षे झाली होती. जुन्या मगासच्या जागेवर अजून एकमत नाही. अर्खिझपासून चेचन्यातल्या अलखान-कालापर्यंत उमेदवार आहेत. तेव्हा आजच्या शहराचे नाव हा पुरावा नव्हे, ती राजकीय घोषणा आहे. अलान राज्यात अनेक भाषा बोलणारे लोक होते आणि नाख भाषकही असणार, हे म्हणणे वाजवी. ‘अलान म्हणजेच इंगुश’ हे मात्र पुराव्यापलीकडे जाते.

जमिनीचा कालपट करा

प्रिगोरोद्नी जिल्हा म्हणजे व्लादिकावकाझला लागून असलेली, ओसेटियन-इंगुश वादातली सुपीक पट्टी. तिच्यासाठी तीन रकाने आखा: वर्ष, ताबा कोणत्या प्रशासनाचा, प्रत्यक्ष राहणारे कोण. दुसरा आणि तिसरा रकाना एक करू नका. सगळे भांडण या दोन रकान्यांतल्या फरकात आहे. निदान एवढ्या नोंदी हव्यात:

- १७८४: व्लादिकावकाझ किल्ला. शेजारच्या वस्तीला इंगुश ‘झाउर’ चे गाव म्हणतात, ओसेटियन ‘द्झाउग’ चे. दोन्ही लिहा.
- १८५० च्या दशकाची अखेर ते १८६० च्या दशकाची सुरुवात: इंगुश गावे उठवून कोसाकांच्या, म्हणजे झारच्या सैनिक-शेतकऱ्यांच्या, वसाहती. अंगुश्तची तार्स्काया झाली ती इथे.
- १९१८-२०: यादवी युद्धात इंगुश बोल्शेविकांच्या बाजूने, आता कोसाक वसाहती उठवल्या जातात.
- १९२४: पर्वतीय प्रजासत्ताक मोडून इंगुश आणि उत्तर ओसेटिया असे दोन स्वायत्त प्रांत. व्लादिकावकाझ दोघांचेही मुख्यालय.
- १९३३: शहर उत्तर ओसेटियाकडे. १९३४: इंगुश प्रांत चेचेन प्रांतात विलीन.
- २३ फेब्रुवारी १९४४: सगळ्या इंगुश आणि चेचेन लोकांची मध्य आशियात हद्दपारी. ७ मार्चला चेचेन-इंगुश प्रजासत्ताकच रद्द. प्रिगोरोद्नी उत्तर ओसेटियाकडे.
- ९ जानेवारी १९५७: चेचेन-इंगुश प्रजासत्ताक पुन्हा स्थापन, पण प्रिगोरोद्नीविना.
- जानेवारी १९७३: ग्रोझ्नीत इंगुशांची निदर्शने. १९८२: प्रिगोरोद्नीत रहिवासी नोंदणीवर निर्बंध.
- २६ एप्रिल १९९१: दडपलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा रशियन कायदा, त्यात प्रादेशिक पुनर्वसनाचेही वचन.
- ४ जून १९९२: इंगुश प्रजासत्ताकाचा कायदा, सीमा न ठरवता.

कोसाकांची नोंद बहुतेक लेखांत गाळलेली असते. ती घातली की ‘ही जमीन कायम आमचीच’ हे वाक्य कोणत्याही बाजूने म्हणणे अवघड होते. शेवटच्या दोन नोंदी शेजारीशेजारी वाचा. एका कायद्याने जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य केले, दुसऱ्याने प्रजासत्ताक दिले, पण हद्द कुठली आणि कार्यवाही कशी हे दोन्हींत नव्हते. आगीची तयारी मॉस्कोतच झाली, असे म्हणायला इथे पुरेसा आधार आहे.

१९४४ च्या आकड्यांसाठी सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने स्तालिनला पाठवलेला अहवाल वापरतात: एकूण ४,७८,४७९, पैकी ९१,२५० इंगुश आणि ३,८७,२२९ चेचेन. हा रेल्वेगाड्यांत भरलेल्या माणसांचा हिशेब आहे. वाटेत आणि कझाकस्तान-किर्गिझस्तानात पहिल्या हिवाळ्यांत मेलेले त्यात वेगळे दिसत नाहीत, आणि आघाडीवरून नंतर काढून पाठवलेले सैनिकही नाहीत. ‘४,७८,४७९ मेले’ असे लिहिलेले आढळते. ती ढोबळ चूक आहे. रिकाम्या घरांत जे ओसेटियन आणून बसवले, त्यांतले बरेच जॉर्जियातून आणलेले होते आणि सगळे राजीखुशीने आले नव्हते. हे सांगितल्याशिवाय १९५७ नंतरचे शेजारपण कळत नाही: परतणारा इंगुश आपल्याच घराचे दार ठोठावतो आणि आत तेरा वर्षे संसार केलेले कुटुंब असते.

१९९२: तारीख कुठून धरली ते पाहा

प्रिगोरोद्नीतली ओसेटियन-इंगुश लढाई ३० ऑक्टोबरच्या रात्रीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. स्रोताचा कल ओळखायचा असेल तर कथन कोणत्या दिवशी सुरू होते ते बघा. ओसेटियन कथन ३१ ऑक्टोबरला, चेर्मेनच्या पोलीस ठाण्यावर सशस्त्र इंगुशांनी केलेल्या हल्ल्यापासून सुरू होते. इंगुश कथन २० ऑक्टोबरला, चिलखती गाडीखाली सापडून मेलेल्या इंगुश मुलीपासून, किंवा थेट १९४४ पासून. तुमच्या लेखात दोन्ही सुरुवाती हव्यात. दक्षिण ओसेटियातल्या युद्धातून पळून आलेले हजारो निर्वासित त्या वर्षी याच भागात होते, हेही हवे.

मृतांसाठी रशियन सरकारी वकिलांचा आकडा ५८३ आहे: त्यांत ३५० इंगुश, १९२ ओसेटियन, शिवाय २६१ बेपत्ता, त्यांत २०८ इंगुश. दुसऱ्या एका प्रचलित हिशेबात ४०७ इंगुश आणि १०५ ओसेटियन असे येते. दोन हिशेबांतले रकाने उचलून एकत्र करू नका. बेरीज जुळत नाही आणि वाचकाचा विश्वास जातो. एकच हिशेब घ्या, तो कोणाचा ते सांगा, बेपत्तांचा आकडा सोबत द्या.

विस्थापितांचा आकडा ३० हजारांपासून ६० हजारांपर्यंत हलतो, आणि त्यामागे खरे कारण आहे. १९८९ च्या जनगणनेत उत्तर ओसेटियात ३२,७८३ इंगुश नोंदले गेले. पण १९८२ च्या निर्बंधांमुळे कित्येक कुटुंबे नोंदणीविना राहत होती. कागद पाहणाऱ्याला लहान आकडा मिळतो, छावण्यांत मोजणाऱ्याला मोठा. परतताना हेच कागद पुन्हा आडवे आले: नोंदणी नाही, म्हणजे घर तुमचे असल्याचा पुरावा नाही.

शब्दही जपून वापरा. ‘इंगुश आक्रमण’ हा एका बाजूचा शब्द, ‘वांशिक शुद्धीकरण’ हा दुसऱ्या बाजूचा. आपल्या वाक्यात ‘१९९२ चा ओसेटियन-इंगुश संघर्ष’ म्हणा आणि पुढे काय घडले ते नेमके लिहा: ओलीस दोन्ही बाजूंनी धरले, जिल्ह्यातली जवळजवळ सगळी इंगुश वस्ती हाकलली गेली, त्यांची घरे मोठ्या प्रमाणावर जाळली गेली. समतोल राखण्यासाठी यातले काही कमी करायची गरज नाही. तसेच उत्तर ओसेटियातल्या बेस्लान इथल्या शाळेवर २००४ मध्ये झालेल्या हल्ल्याचे. हल्लेखोरांत इंगुश होते हे खरे आणि त्याने जखम पुन्हा उघडली हेही खरे, पण त्याला प्रिगोरोद्नीचा सूड ठरवणारे वाक्य लिहू नका. हल्लेखोरांची मागणी चेचन्यातून फौजा काढण्याची होती.

पूर्वेकडची सीमा विसरू नका

इंगुशांचा वाद फक्त ओसेटियाशी आहे असे समजणे जुने झाले. १९९३ मध्ये इंगुशेटियाचे अध्यक्ष आउशेव आणि चेचन्याचे दुदायेव यांनी दोघांच्या मधल्या सुंझा जिल्ह्याची तात्पुरती वाटणी केली. सेर्नोवोद्स्काया आणि असिनोव्स्काया ही गावे चेचन्याकडे, बाकी बहुतेक इंगुशेटियाकडे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी इंगुशेटियाचे तेव्हाचे प्रमुख येवकुरोव आणि चेचन्याचे कादिरोव यांनी सीमेचा करार केला. ४ ऑक्टोबरला इंगुश संसदेत तो १७ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाल्याचे जाहीर झाले. काही सदस्यांनी मोजणीच खोटी ठरवली आणि मगासमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. ३० ऑक्टोबरला इंगुशेटियाच्या घटनात्मक न्यायालयाने सार्वमताशिवाय करार चालणार नाही म्हटले. ६ डिसेंबरला रशियाच्या घटनात्मक न्यायालयाने तो वैध ठरवला. या दोन न्यायालयांची गल्लत फार होते. २०१९ च्या जूनमध्ये येवकुरोव पायउतार झाले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आंदोलनाच्या सात नेत्यांना साडेसात ते नऊ वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या.

मुळाचा वाद इथे ओर्स्तखोय या गटाच्या रूपाने येतो. सुंझाच्या परिसरातला हा नाख समाज १८६५ मध्ये मोठ्या संख्येने ऑटोमन मुलखात गेला. मागे राहिलेल्यांचे वंशज काही स्वतःला इंगुश म्हणवतात, काही चेचेन. ओर्स्तखोय मुळात कोणाचे, यावरचे लिखाण २०१८ च्या आसपासचे असेल तर ते सीमेच्या नकाशासोबतच वाचा. आणि इंगुश हा समाजही घलघाय, फ्याप्पी, त्सोरी, जेराख अशा खोऱ्याखोऱ्यांतल्या गटांतून एकत्र आला आहे. एका गटाचे नाव पुढे सगळ्यांचे झाले. त्यामुळे ‘इंगुश कधी निर्माण झाले’ याला एक तारीख मागणाऱ्या संपादकाला तारीख देऊ नका. १७७० मध्ये इंगुश वडीलधाऱ्यांनी रशियाशी निष्ठेची शपथ घेतली, तेव्हा हे नाव सरकारी कागदांवर रुळू लागले होते, एवढे सांगा.